महजर, नडवळी आणि इतिवृत्त : सभेच्या कागदाचा इतिहास

कॅसलरॉकचे भवितव्य दोनदा ठरले आणि दोन्ही वेळा ते दूरच्या सभांत, परक्या भाषेत लिहिले गेले. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यातून मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून येणारा लोहमार्ग निघाला आणि 1888 मध्ये तो कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेस येऊन मिळाला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मुंबई राज्यातील आपला कारवार जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याबरोबर सुपा तालुका, म्हणजे आजचा जोयडा, हाही गेला. गावाला निर्णय कळला तो कागद होऊन आल्यावर. सभेत काय बोलले गेले यापेक्षा काय लिहिले गेले हे अखेरीस टिकते, याचा याहून ठळक दाखला आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून सभेचा वृत्तांत लिहिण्याची विद्या आपण कारकुनी काम म्हणून बाजूस सारू नये. ती आपल्याला नवीनही नाही. मराठी मुलखात गोतसभा बसे तेव्हा तिच्या निर्णयाचा ‘महजर’ होत असे. ‘महजर’ आणि ‘हाजिर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले. त्यांच्या मुळाशी ‘समोर असणे’ हा अर्थ आहे. महजरात शक, मास, तिथी येई. मग ‘हाजिर मजालस’ म्हणून देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांची नावे. त्यानंतर वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, साक्षी व शेवटी निवाडा. ज्यास अक्षर येत नसे तो आपली निशाणी करी. कुणब्याचा नांगर त्या कागदावर आजही ओळखू येतो. एखाद्या वतनाचा तंटा पुढच्या पिढीत पुन्हा उपटला, तर हाच कागद पुरावा म्हणून बाहेर निघे. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा अभ्यास केला, त्याचा मोठा आधार हे महजरच होते.

घाटाखाली गोव्यात गावकऱ्यांची सभा अशीच भरत असे. 1526 च्या पोर्तुगीज ‘फोराल’मध्ये गावाच्या चालीरीती नोंदल्या गेल्या, त्यांत गावच्या लेखकाचे स्थानही आहे. जमीन, बांध, देवस्थान यांविषयीचे ठराव त्याच्या वहीत जात.

शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. ‘मजालस’ म्हणजे मुळात बसणे. आपली ‘बैठक’ही बसण्यावरूनच आली. कन्नडमध्ये सभेच्या वृत्तांतास ‘नडवळी’ म्हणतात. त्यात ‘नडे’, म्हणजे चालणे, हा धातू आहे. जे चालले ते नडवळीत, जे घडले ते इतिवृत्तात. कारण ‘इति वृत्त’ म्हणजे ‘असे घडले’. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्याने आपल्या प्रारंभीच्या वार्षिक ग्रंथांस ‘इतिवृत्त’ हेच नाव दिले. जुने महजर उजेडात आणणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कामाचीही नोंद ठेवली, हे आपण ध्यानात घ्यावे.

आज कॅसलरॉकच्या मराठी माणसाभोवती कोणते कागद आहेत? रेल्वेचा व्यवहार हिंदी व इंग्रजीत चालतो, राज्याचा कन्नडमध्ये. त्या भाषा जरूर शिकाव्यात. न कळणाऱ्या नडवळीखाली सही करणे हे तर मोठे धोक्याचे. परंतु मराठीत वृत्तांत लिहिण्याची जागा उरते ती मुख्यतः आपल्याच संस्थांत : वाचनालय, भजनी मंडळ, महिला मंडळ, शाळेचा माजी विद्यार्थी संघ. तेथेही वही कोरी राहिली, तर पन्नास वर्षांनी येथे मराठी सार्वजनिक जीवन होते हे कोणत्या आधारावर सांगणार?

चांगले इतिवृत्त महजराच्याच चालीवर लिहावे. आरंभी तारीख, वेळ, स्थळ, अध्यक्ष, हजर व गैरहजर सभासद आणि गणपूर्ती झाली की नाही याची नोंद. मग विषयपत्रिकेच्या क्रमाने एकेक विषय. भाषणे उतरवून घेण्याची गरज नाही. निर्णय, त्याचे कारण, सूचक, अनुमोदक आणि कोणी विरोध नोंदविण्यास सांगितले असल्यास तो विरोध, एवढे पुरे. ‘शाळेच्या छपराबाबत साधकबाधक चर्चा झाली’ या वाक्यातून कोणासही काही कळत नाही. ‘छपराची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करावी असे ठरले, खर्चाचा अंदाज कार्यवाहांनी पुढील सभेपूर्वी आणावा’ या वाक्यात काम, माणूस आणि मुदत तिन्ही आहेत. लिहिणाऱ्याने स्वतःचे मत त्यात मिसळू नये आणि आठवण ताजी आहे तोवर, शक्यतो त्याच दिवशी, मसुदा पुरा करावा. पुढील सभेत तो मोठ्याने वाचावा, चूक असल्यास सर्वांसमक्ष दुरुस्त करावी आणि मगच अध्यक्षांची सही घ्यावी. पाने क्रमांकित असावीत. खाडाखोड झाल्यास तिच्याशेजारी सही हवी.

हे काम एकाच जाणत्या माणसाच्या गळ्यात कायमचे घालू नये. आमची सूचना अशी की, प्रत्येक मंडळाने दर सभेस एका तरुण सभासदाला जुन्या कार्यवाहाशेजारी बसवावे. दोघांनी स्वतंत्रपणे लिहावे, सभेनंतर दोन्ही मसुदे ताडून पाहावेत. एका वर्षात तीन-चार नवे लेखक तयार होतील. जेथे शासनास कागद द्यावयाचा तेथे कन्नड प्रत जोडावी. मराठी मूळ मात्र आपल्या वहीत, तारखेनिशी व सहीनिशी, राहू द्यावे.