रंगभूमीकडून दूरदर्शनाकडे

नाटकाचा नाद म्हणजे आयुष्य वाया जाणे, ही समजूत आपल्या ज्ञातिबांधवांत अद्याप आढळते. श्रीमती सई परांजपे यांची कारकीर्द हेच तिचे उत्तर होय. पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून त्यांनी आरंभ केला. तेथील बालकार्यक्रमांत त्या रमल्या. १९६३ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षण पूर्ण करून पुढे त्या दिल्ली दूरदर्शनवर दिग्दर्शिका झाल्या. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचे पारितोषिक लाभले. ‘अडोस पडोस’ (१९८४) या मालिकेने त्यांचा खुसखुशीत संवाद घरोघर नेला. उद्या आपल्या कन्येने नाट्यशिक्षणाची इच्छा बोलून दाखविली, तर नकार देण्यापूर्वी पालकांनी हे उदाहरण अवश्य स्मरावे.