पुसलेलं टपाल जातं कुठे?

बचतगटाच्या कामात आता ईमेलशिवाय पान हलत नाही. आधार पाठवा, पासबुकाचं पहिलं पान पाठवा, ठरावाची प्रत पाठवा. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या कॉम्प्युटरवर मेल उघडतो, कागद छापतो आणि निघताना विचारतो, "दादा, पुसलंत ना?" दादा मान हलवतात. पण पुसलेलं खरंच पुसलं जातं का? हा प्रश्न जुना आहे, आणि त्यात अमेरिकेचं सरकारसुद्धा अडकलं होतं.

ईमेलची सुरुवात १९७१ची. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप पाठवला. गंमत म्हणजे दोन्ही यंत्रं शेजारी शेजारीच होती! पत्त्यातलं ते गोल '@' चिन्हही त्याचंच.

पंधरा वर्षांनी, १९८६ साली, वॉशिंग्टनमध्ये मोठं प्रकरण बाहेर आलं. सरकारातल्या काही माणसांनी इराणला गुपचूप शस्त्रं विकली होती आणि त्यातला पैसा निकाराग्वा देशातल्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवला होता. ऑलिव्हर नॉर्थ हा लष्करी अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ जॉन पॉइंडेक्स्टर यांची यात आपसात बरीच ईमेल झाली होती. चौकशीची चाहूल लागताच नॉर्थने कागद यंत्रात घालून फाडले, आणि दोघांनी कॉम्प्युटरमधले निरोप पुसले. हजारोंनी पुसले. पण त्या यंत्रणेच्या जादा प्रती वेगळ्या टेपवर ठेवल्या जात होत्या, त्या तशाच राहिल्या. चौकशी समितीने तिथून निरोप बाहेर काढले आणि फेब्रुवारी १९८७च्या अहवालात त्यातले बरेच छापूनही टाकले.

पुढे जानेवारी १९८९मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन पायउतार होताना त्या टेपा पुसल्या जाण्याची वेळ आली, तेव्हा स्कॉट आर्मस्ट्राँग हे पत्रकार आणि त्यांचे साथीदार कोर्टात गेले आणि टेपा वाचल्या. सरकारी ईमेल हेसुद्धा दप्तरच, असं कोर्टाने १९९३मध्ये मान्य केलं.

तिथे उरलेल्या प्रतीने सत्तेतल्या माणसांचं पितळ उघडं पाडलं, ते बरंच झालं. आपलं मात्र उलटं आहे. आपल्याकडे उघडं पडायला पितळ नाही, असतो तो आधार नंबर.

मेलला जोडलेला कागद आपण उघडतो, तेव्हा मेलचं सॉफ्टवेअर त्याची एक प्रत कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि ती आपल्याला दाखवतं. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये या फोल्डरचं नाव 'ओएलके' या अक्षरांनी सुरू व्हायचं, आणि तो सहज दिसतही नसे. कागद आधी बंद केला तर प्रत सहसा जाते. कागद उघडा असताना आउटलुकच बंद केलं, किंवा मध्येच लाइट गेली, तर ती तिथेच पडून राहू शकते. (लाइट जाण्याबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको.) नंतर मूळ मेल पुसला तरी या प्रतीला धक्का लागत नाही. जीमेल वापरलं तर कागद उतरतो डाउनलोड्समध्ये, आणि दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांचं डाउनलोड्स एकच.

पासबुकाचं एक वेळ सोडा. पण एखादीने नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार तिथून पाठवली असेल तर? गाव लहान. पुढचं गिऱ्हाईक तिचा दीर असू शकतो.

म्हणून आम्ही आता दुकानातून उठण्याआधी डाउनलोड्समधून आपला कागद काढतो, रिसायकल बिन रिकामी करतो, मेलमधून लॉगआउट करतो. तो दडलेला फोल्डर आपल्याला सापडेलच असं नाही, म्हणून जिथे चालतं तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार देतो. आणि मारहाणीची तक्रार दुकानात उघडतच नाही. ती हाताने लिहितो, दोघीजणी बरोबर जाऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे देतो आणि पोच घेऊन येतो.