बोर्लीच्या वाडीतील फळ

सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह शेतावर जावे, आपल्या हातांनी फळे तोडावीत आणि मोल देऊन ती घरी न्यावीत, ही रीत महाराष्ट्रात आता रुजली आहे. महाबळेश्वर-पाचगणीचे स्ट्रॉबेरीचे मळे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरील वाडीत शिरणाऱ्या कुटुंबाने मात्र तेथील झाडांचा इतिहासही जाणून घ्यावा.

बोर्ली पंचतन ही श्रीवर्धन तालुक्यातील, दिवेआगरच्या वाटेवरची बाजारपेठ. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. येथील वस्ती मात्र त्याहून फार जुनी. दिवेआगरचा शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या प्राचीनतम लेखांत गणला जातो. नारळी-पोफळीच्या बागेला कोकणात आगर म्हणतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच आगरांची कीर्ती. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने सुपारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, यावरून या फळाचे तेव्हाचे महत्त्व कळते.

उत्तरेस चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. अमेरिका खंडातील अननस, काजू, पपई आणि पेरू त्यांच्याच जहाजांनी आपल्या किनाऱ्याला आणले. अननस आणि काजू ही नावेही आपण त्यांच्याकडूनच घेतली. आज वाडीत बालकाच्या हाताला लागतो तो पेरू असा सातासमुद्रांपलीकडचा. पोफळ मात्र येथील जुनी रहिवासी. तिचे फळ पाहुण्याच्या हाती येत नाही. त्यासाठी उंच, सडसडीत खोडावर सरसर चढणारा कसबी माणूसच हवा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्पिढ्या राखलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. त्यांच्या सावलीत वाढणारी जायफळे उघडी पडली, मिरीच्या वेलींचा आधार गेला. पोफळीचे रोप लावले तर फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. तोवर बागायतदाराने खावे काय? त्याच वर्षी राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. पाहुण्यांना वाडी दाखवणे, जेवू घालणे, हंगामात फळे तोडू देणे हा अनेकांना जोडधंदा वाटतो. पडलेल्या वाडीच्या धन्याला मात्र तो रोप वाढेपर्यंतचा आधार ठरू शकतो.

म्हणून वाडीत गेलेल्या कुटुंबाने मोलासाठी फार घासाघीस करू नये, कच्चे फळ ओरबाडू नये आणि मुलांना नवे रोप अवश्य दाखवावे. फळ तोडणे क्षणाचे काम आहे. ते झाडावर येण्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षे पाणी शिंपलेले असते.