सुरतेच्या तहाचे साल आणि द्राक्षवेलीतला भुंगेरा

नाशिकजवळ आनंदवल्लीला वाडा बांधणाऱ्या राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह केला, हे आपण जाणतोच. त्याच वर्षी युरोपात लिनियसचा शिष्य फाब्रिसियस याने आपल्या कीटकग्रंथात एका तपकिरी भुंगेऱ्याला ‘बार्बेटम’ हे नाव दिले. आज त्याला ‘स्ट्रोमेशियम बार्बेटम’ म्हणतात. तहातून पेटलेले युद्ध १७८२ मध्ये सालबाईला मिटले. भुंगेऱ्याची गोष्ट नाशिकच्या बागांत अजून चालू आहे.

हा लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. या कुळाची काही उपकुळे मूठभर प्रजातींची, काही अफाट. हा एका अफाट उपकुळाचा सदस्य. ब्रिटिश म्युझियमच्या गॅहन यांनी १९०६ मध्ये भारतातील या कुळावर स्वतंत्र खंडच लिहिला.

वनखात्याला तो ठाऊक होता सुक्या लाकडाचा वैरी म्हणून. वासे, फळ्या, खोकी यांत त्याची अळी वर्षानुवर्षे राहते. मग हिरव्या वेलीत तिचे काय काम?

उत्तर बागेच्या घडणीत आहे. १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी ओझरला द्राक्षबाग लावली आणि पुढे जिल्ह्याची ओळखच पालटली. द्राक्षवेल दीर्घायुषी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. दरवर्षी नवे घाव, जून होत जाणारे ओलांडे, सुटत चाललेली साल. वर पाने हिरवी, पण आत मृत लाकूड वाढते. भुंगेरा आपली सवय मोडून आला नाही; आपणच त्याच्यासाठी सुके लाकूड वेलीच्या पोटात साठवत गेलो, असे मला वाटते.

बागेत त्याचा एक दूरचा भाऊबंदही आहे: ‘सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर’. त्यालाही फाब्रिसियसनेच १७८१ मध्ये नाव दिले. उपकूळ मात्र निराळे, आणि मूळची ओढ बाभळीची. त्याची अळी भुसा छिद्रातून बाहेर टाकते, म्हणून बुंध्याशी पडलेला ढीग पाहून बागायतदार सावध होतो. बार्बेटमची अळी भुसा बोगद्यातच ठासून भरते. वेल पिवळी पडून खोड चिरेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही, आणि तोवर कित्येक वर्षांची कमाई आतून पोकळ झालेली असते.

पहिल्या पावसानंतर रात्री हे भुंगेरे बाहेर पडतात. मादी सुट्या सालीखाली अंडी घालते. म्हणूनच जाणता बागायतदार खोडाची सुटी साल काढून टाकतो.