^? ची कुळकथा: बॅकस्पेसची दोन अर्धी

टर्मिनलवर काम करणाऱ्याला हे कधी ना कधी भोवतंच. दूरच्या सर्व्हरवर शिरलो, आज्ञा टाइप करताना एक अक्षर चुकलं, खोडायला बॅकस्पेस दाबला, तर अक्षर जागच्या जागी आणि त्याच्यापुढे ^एच उमटलेलं. पुन्हा दाबा, पुन्हा ^एच. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर त्याच जागी ^? दिसतं. पासवर्ड टाकताना तर काहीच दिसत नाही. चूक खोडली असं समजून आपण पुढे जातो आणि पासवर्ड नाकारला जातो. इलाज एका ओळीचा आहे, तो शेवटी सांगतोच. पण खोडण्याच्या एका बटणाला दोन संकेत आले कुठून, याचं उत्तर शोधत गेलं की माणूस थेट कागदी फितीपाशी पोचतो.

आधी त्या विचित्र प्रश्नचिन्हाचा उलगडा करू. आस्की या १९६३ साली ठरलेल्या संकेतावलीत ० ते १२७ असे १२८ संकेत आहेत. पहिले ३२ यंत्राला हुकूम देणारे. एचचा क्रमांक ७२. कंट्रोल दाबून एच दाबला की त्यातले ६४ जातात आणि उरतो ८, म्हणजे बॅकस्पेस. म्हणून आठव्या संकेताची खूण ^एच. शेवटचा संकेत १२७ हा डिलीट. त्यातून ६४ काढले की ६३ उरतात, आणि ६३ हा प्रश्नचिन्हाचा क्रमांक. ^? मध्ये शंका किंवा प्रश्न काही नाही, निव्वळ वजाबाकी आहे.

खरी गंमत पुढे आहे. बाकी सगळे हुकूम सुरुवातीला दाटीवाटीनं बसवलेले असताना हा एकटा डिलीट टोकाला का? कारण १२७ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की सातही जागी १ येतो, आणि फितीवर १ म्हणजे छिद्र. कागदाला पडलेलं छिद्र बुजवता येत नाही, पण आणखी छिद्रं पाडता येतात. कुठलंही अक्षर घ्या, त्याच्या रांगेतल्या उरलेल्या सगळ्या जागा पंच केल्या की एकच नक्षी तयार होते: सगळी छिद्रं. फीत वाचणाऱ्या यंत्रानं ती नक्षी दिसताच पुढे सरकायचं, एवढा नियम केला की चुकलेलं अक्षर खोडलं गेलं. खोडण्याच्या संकेताची जागा अशी कागदानंच ठरवून टाकली होती. १९६९ च्या आरएफसी २० मध्येही डिलीटचं मुख्य काम हेच दिलं आहे: छिद्रांच्या फितीवरची नको असलेली अक्षरं नाहीशी करणं.

आता टेलिटाइप मॉडेल ३३ समोर आणा. हे १९६३ चं यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं आणि त्याच्या एएसआर प्रकाराला डाव्या अंगाला फीत पंच करणारा व वाचणारा भाग जोडलेला असे. एक इंच रुंदीची फीत, एका अक्षराला आठ जागांची एक आडवी रांग, इंचाला दहा रांगा. चालकाचं अक्षर चुकलं की पंच झालेली रांग पुढे सरकून गेलेली असायची. मग दोन गोष्टी कराव्या लागत. पंचाच्या भागावर फीत मागे सरकवणारं एक बटण होतं, ते दाबून फीत एक रांग मागे घ्यायची. नंतर कीबोर्डवरचं रबआउट, म्हणजे डिलीटचं बटण, दाबायचं. आठही सुया खाली येत आणि रांग भरून निघे. तीन अक्षरं चुकली असतील तर तीनदा मागे आणि तीनदा रबआउट.

माझा सगळा सिद्धांत या दोन हालचालींवर उभा आहे. खोडणं ही मुळात एक क्रिया नव्हतीच, तिची दोन अर्धी होती: मागे जाणं आणि भोसकून टाकणं. पडद्याची यंत्रं आली तेव्हा दोन अर्ध्यांचं एकच बटण करायचं ठरलं, आणि त्या बटणानं कुठल्या अर्ध्याचा संकेत पाठवायचा यावर घराणी फुटली. एकानं मागे जाण्याचा ८ घेतला, दुसऱ्यानं भोसकण्याचा १२७. आपल्या पडद्यावरचे ^एच आणि ^? हे त्या फाटाफुटीचे वारस.

याला पहिला आक्षेप वजनदार आहे. फीत मागे घेणारं ते बटण निव्वळ यांत्रिक होतं, ते कुठलाच संकेत पाठवत नसे. आस्कीतला आठवा संकेत आला टाइपरायटरवरून. टाइपरायटरचा बॅकस्पेस गाडी एक घर मागे नेतो, खोडत काही नाही. त्याचा उपयोग एका अक्षरावर दुसरं छापण्यासाठी, म्हणजे अधोरेखन करायला किंवा अक्षरावर स्वरखूण चढवायला. आस्कीतली टोपी आणि नागमोडी रेघ यांच्यामागेही तोच विचार होता: अक्षर छापा, एक घर मागे या, वर खूण छापा. हे सगळं मला मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूनं बोलतं. आस्कीत आठव्या संकेताचा अर्थ ‘मागे जा’ एवढाच होता, खोडण्याचं काम त्याच्याकडे मुळात नव्हतं.

पुरावा आजच्या यंत्रातही जिवंत आहे. युनिक्समधली मॅन्युअलची पानं जुन्या पद्धतीनं तयार होतात तेव्हा ठळक अक्षर असं लिहिलं जातं: अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर. अधोरेखित असेल तर आधी खालची रेघ, मग बॅकस्पेस, मग अक्षर. ‘लेस’ हा वाचक प्रोग्रॅम ते ओळखून ठळक दाखवतो. तशीच्या तशी फाइल संपादकात उघडली की सगळीकडे ^एच विखुरलेले दिसतात आणि नवखा माणूस फाइल बिघडली म्हणून धास्तावतो. बिघडलेलं काही नसतं, टाइपरायटर अजून आपलं काम करत असतो.

एडीएम-३ए या १९७६ च्या टर्मिनलच्या कीबोर्डवर डावीकडचा बाण एच या अक्षरावर छापलेला होता, कारण कंट्रोल-एच म्हणजे एक घर डावीकडे. बिल जॉय यांनी व्हीआय हा संपादक त्याच टर्मिनलवर लिहिला, म्हणून व्हीआयमध्ये आजही एच दाबला की कर्सर डावीकडे जातो. तिथेही खोडणं नाही, नुसतं जाणं.

माझ्या मते निर्णायक साक्ष मात्र लिनक्सच्या कर्नलची आहे. बटणाकडून १२७ येवो की ८, पडद्यावरचं अक्षर पुसायला कर्नल तीन संकेत पाठवतो: बॅकस्पेस, मोकळी जागा, बॅकस्पेस. मागे जा, वर रिकामं छापा, पुन्हा मागे या. फितीवरची दोन अर्धी इथे जोडीनं उभी आहेत. भोसकण्याच्या जागी कोरी जागा छापणं आलं, इतकाच फरक.

दुसरा आक्षेप असा की खोडण्याची कल्पना फितीपेक्षा जुनी आहे. मोर्समध्ये आठ टिंबं सलग वाजवली की ‘चुकलो’ असं समजायचं. एमिल बोदो यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पाच कळांच्या संकेतावलीतही चूक रद्द करण्याची खूण होती. खरं आहे. पण ती खूण पलीकडच्या माणसाला उद्देशून होती. चूक तारेवरून गेलेली असायची, मागोमाग माफीनामा जायचा. चूक पाठवण्याआधीच नाहीशी करण्याची सोय फितीमुळे झाली, आणि तिचं श्रेय मी न्यूझीलंडचे पत्रकार डोनाल्ड मरी यांच्या घराण्याला देतो. १९०१ च्या सुमारास त्यांनी टाइपरायटरसारखा कीबोर्ड, पंच होणारी फीत आणि पाच छिद्रांची संकेतावली एकत्र आणली. कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड हेही तिथूनच आले. या घराण्यातून पुढे आंतरराष्ट्रीय ठरलेल्या टेलिप्रिंटरच्या संकेतावलीत पाचही छिद्रांचा अर्थ ‘अक्षरांकडे वळा’ असा होता. यंत्र बहुधा अक्षरांतच असल्यामुळे ती नक्षी निरुपद्रवी ठरे, म्हणून चालक चुकीवर तीच मारत. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारे टेलिप्रिंटर याच कुळातले.

मधला टप्पा थोडक्यात. मल्टिक्स या जुन्या कार्यप्रणालीनं आणि तिच्यावरून युनिक्सनं कागदावर छापणाऱ्या टर्मिनलांसाठी खोडायला # आणि अख्खी ओळ रद्द करायला @ घेतलं. कागदावर छापलेलं पुसता येत नाही, तेव्हा दिसणारी खूण बरी. त्यामुळे ईमेलच्या पत्त्यातला @ टाइप करताच मल्टिक्सवर ओळच उडायची. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तर १२७ हा संकेत चालू प्रोग्रॅम थांबवायला वापरत, आज कंट्रोल-सी जे करतो ते.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची गोष्ट वेगळी. त्यांच्या पीडीपी-८ आणि पीडीपी-११ यंत्रांपुढे मॉडेल ३३ बसवलेलं असे, म्हणून रबआउट त्यांच्या हाडीमासी भिनलेला. खोडलेली अक्षरं ते कागदावर तिरप्या रेघांमध्ये पुन्हा छापून दाखवत. ती सोय लिनक्समध्ये एसटीटीवाय या आज्ञेच्या ‘इकोपीआरटी’ पर्यायात आजही आहे. १९८३ च्या व्हीटी२२० टर्मिनलवर डिजिटलनं खोडण्याचं एकच मुख्य बटण ठेवलं आणि ते १२७ पाठवू लागलं. लिनक्सच्या कन्सोलनं तीच वाट धरली, डेबियन या लिनक्स वितरणानं ती धोरणातच लिहून टाकली. ईमॅक्स हा संपादक वापरणारे पहिल्यापासून याच बाजूचे, कारण त्यांच्याकडे कंट्रोल-एच म्हणजे मदत. ८ पाठवणाऱ्या टर्मिनलवर चूक खोडायला गेलं की मदतीची खिडकी उघडते.

या भांडणाचा एक उपप्रश्न थेट आपल्या लिपीचा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण, मात्रा: चार संकेत, बारा बाइट. पडद्यावर जागा मात्र दोनच घरांची, कारण उकार आणि मात्रा स्वतंत्र घर घेत नाहीत. कर्नलला यूटीएफ-८ ची कल्पना नसेल तर एका बॅकस्पेसला एकच बाइट जातो. दोनदा दाबल्यावर पडद्यावरून ‘पुणे’ गेलेलं दिसतं, पण ओळीत दहा बाइट शिल्लक असतात आणि एंटर मारताच ते प्रोग्रॅमच्या हाती पडतात. २००४ च्या सुमारास लिनक्समध्ये ‘आययूटीएफ८’ हा पर्याय आला. तो चालू असला की एका दाबाला एक अख्खा संकेत जातो. तरीही ‘पुणे’ खोडायला चार दाब लागतात आणि पडदा दोनांतच रिकामा होतो, कारण प्रत्येक संकेत एक घर व्यापतो असं कर्नल धरून चालतो. बॅशसारखे शेल ओळीचं संपादन स्वतः करतात, तिथे हे जाणवत नाही. साधं ‘कॅट’ चालवून मराठी टाइप करा, लगेच दिसेल. मॉडेल ३३ च्या फितीवर एक अक्षर म्हणजे एक रांग आणि एक रांग म्हणजे एक घर होतं. ते गृहीतक कर्नलच्या या भागात अजून तसंच आहे, आणि ते दुरुस्त व्हायला हवं.

^एच बरोबर की ^? बरोबर, या वादात माझा कौल ^? ला. खोडण्यासाठी जन्माला आलेला संकेत तोच. ^एच नं टाइपरायटरचं काम करावं.

राहिला इलाज. बॅकस्पेसनं ^एच किंवा ^? उमटू लागलं की ‘एसटीटीवाय -ए’ चालवा आणि ‘इरेज’ समोर काय लिहिलंय ते पाहा. तुमचं बटण दुसरंच काही पाठवत असणार. मग ‘एसटीटीवाय इरेज’ लिहून एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबा, त्यानंतर बॅकस्पेस दाबा आणि एंटर मारा. कंट्रोल-व्हीमुळे पुढचं बटण जे पाठवतं ते जसंच्या तसं ओळीत येतं, त्यामुळे तुमचा कीबोर्ड कुठल्या घराण्यातला आहे हे आधी ठाऊक असण्याची गरज नाही. हे त्या सत्रापुरतंच टिकतं. कायमचं हवं असेल तर आपल्या टर्मिनल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बॅकस्पेसनं १२७ पाठवावा असं निवडून ठेवा.