बिल्ड कुणी तोडला?

आजची गोष्ट एका वाक्याची आहे. "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

पहिल्या नोकरीत एका शुक्रवारी मी हेच बोललो होतो. फिक्स रिलीज ब्रांचमध्ये टाकला होता, पण लॅपटॉपवर चेकआउट होती दुसरीच ब्रांच. बिल्ड तिचाच झाला आणि तोच क्लायंटकडे गेला. टीमचा शनिवार-रविवार बुडाला. सोमवारी मीटिंगमध्ये एकच प्रश्न, "कुणी केलं?" मान खाली घालून बसलो. राजीनाम्याचा मेलही लिहून ठेवला होता, पाठवला नाही एवढंच.

नंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की ही चूक आपल्या वयापेक्षा जुनी आहे.

१९७० च्या दशकातली बेल लॅब्स. स्टीव्ह जॉन्सन वैतागून स्टुअर्ट फेल्डमनकडे आला. त्याची अख्खी सकाळ बग शोधण्यात गेली होती. बग तर आधीच दुरुस्त झाला होता, फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! यातून १९७६ मध्ये फेल्डमनने 'मेक' लिहिलं. जे बदललंय तेवढंच पुन्हा बिल्ड करायचं, आणि ते लक्षात ठेवायचं काम मशीनचं.

पण मेक एका माणसाची अडचण सोडवतं. दहा जणांचा कोड एकत्र आला की काय? १९९० च्या दशकात केंट बेक आणि मंडळींनी सांगितलं, शेवटी एकदम जोडू नका, रोज जोडा. २००१ मध्ये 'क्रूझकंट्रोल' आलं. कोड बदलला की सर्व्हर स्वतःच बिल्ड करून बघायचा.

मग माझा आवडता माणूस, कोहसुके कावागुची. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बिल्ड तोडणारा म्हणून त्याचंच नाव यायचं. म्हणून २००४ मध्ये त्याने आपला कोड आधीच तपासणारं टूल लिहायला घेतलं, 'हडसन'. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि हडसन या नावावरून वाद पेटला. जानेवारी २०११ मध्ये कम्युनिटीने मतदान केलं. २१४ विरुद्ध १४ मतांनी नवं नाव ठरलं, 'जेन्किन्स'.

दरम्यान २००५ मध्ये गिट आलं आणि ब्रांच काढणं चुटकीसरशी व्हायला लागलं. एका रेपोत वीस-वीस ब्रांच. प्रत्येकीसाठी जेन्किन्समध्ये हाताने जॉब बनवायचा? मेनसाठी बनायचा, बाकीच्या रामभरोसे! यावर उपाय असा निघाला की बिल्डची कृतीच कोडसोबत रेपोत ठेवायची. २०११ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅव्हिसने हे लोकप्रिय केलं. २०१६ च्या जेन्किन्स २.० ने 'जेन्किन्सफाइल' समोर आणली. मल्टिब्रांच जॉब रेपो स्कॅन करतो, जिथे ती फाइल दिसेल त्या ब्रांचची पाइपलाइन आपोआप उभी राहते. ब्रांच डिलीट झाली की तिचा जॉबही हटतो.

माझ्या त्या शुक्रवारी हे सगळं फुकट उपलब्ध होतं. आमच्याकडे कुणी लावलंच नव्हतं. मीटिंगमध्ये विचारायला हवं होतं, "लॅपटॉपवरून बिल्ड क्लायंटकडे जाऊच कसा शकला?"

आज आमच्या टीममध्ये नवीन मुलगी आली. तिच्या पहिल्याच पुशवर लाल फुली आली. ती घाबरली. मी म्हटलं, "अगं, त्यासाठीच तर लावलंय. चहा घेऊ, मग लॉग बघू."

तुमचा रिलीज बिल्ड कुठे बनतो? सोमवारी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!