घरकाम, व्यायाम आणि घरातले छोटे अपघात : गिरीजच्या निमित्ताने



इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज आपण लढाया आणि तह जरा बाजूला ठेवणार आहोत. वसईला तहांची वाण नाही. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १८०२ च्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आणि या दोहोंच्या मध्ये १७३९ ची चिमाजी अप्पांची वसई आहेच. यावर पुष्कळ बोलून झाले, पुढेही होईल. पण या सगळ्या काळात गिरीजसारख्या गावात रोज सकाळी कोणीतरी विहिरीचे पाणी ओढत होते, कोणीतरी जात्यावर बसले होते, आणि कोणाचा तरी पाय शेवाळावरून घसरत होता. त्याची नोंद कुठल्याही तहात नाही. आम्हाला आज त्या माणसाविषयी बोलायचे आहे. आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई होते.

आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते. घरातली बाई म्हणाली, ‘मीही सकाळी फिरायला येते’, की उत्तर मिळते, ‘अगं, तू दिवसभर कामच करतेस, तोच तुझा व्यायाम!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. तो कौतुकानेच बोलतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि त्या विषयाने एक खोड लावली. दोन शब्द कोणी एकाच अर्थाने वापरू लागले, की मध्ये काय हरवले ते शोधायचे. घरकाम आणि व्यायाम हे दोन शब्द एक केले, तर काय हरवते? आजचे व्याख्यान एवढेच आहे.

आधी गाव बघू. वसईची पश्चिम पट्टी म्हणजे वाड्यांची पट्टी. केळी, पानवेल, फुलझाडे, भाजीपाला. हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही वाड्या. पाण्याची व्यवस्था विहिरींची आणि बावखलांची. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे, जमिनीत मुरवणारे तळे. वसईबाहेरच्या श्रोत्यांना हा शब्द कदाचित नवा असेल. त्यावर रहाट, रहाटाला जनावर, आणि तिथून पाटाने पाणी झाडांच्या आळ्यांत. राजेळी केळ्यांची सुकेळी करायची तर सोलणे, उन्हात घालणे, संध्याकाळी उचलणे, पुन्हा घालणे, असे कित्येक दिवस चाले. घरात जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा. चुलीला लाकूड. अंगण सारवायचे ते उकिडवे बसून. जेवायला मांडी घालून, आणि उठताना हाताला टेकू नाही.

म्हणजे बघा, आज व्यायामशाळेत पैसे भरून जे शिकवतात ते सगळे या घरात होते. खाली बसणे-उठणे, ओढणे, उचलणे, डोक्यावर भार घेऊन तोल सांभाळणे. २०१२ साली ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर बसायचे आणि शक्य तितक्या कमी आधाराने उठायचे, एवढीच चाचणी. ज्या प्रौढांना ते चांगले जमले, ते पुढच्या काही वर्षांत तुलनेने कमी दगावले. आपल्या पंगतीत ही चाचणी दिवसातून दोनदा होत असे, आणि कोणी गुण देत नसे.

इथे टाळी वाजवून थांबायचा मोह होतो. ‘जुने ते सोने’ म्हणायचे आणि घरी जायचे. पण इथेच सावध व्हायला हवे. त्या घरातली बाई चाळिशीत पाठीत वाकलेली असे. चुलीच्या धुराने डोळे गेलेले. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा कळशी कमरेवर. ते सगळे व्यायामाचे प्रकार असतील, तर व्यायामाने शरीर झिजले कसे?

याचे उत्तर आपल्या जुन्या वैद्यकात आहे. चरकाने व्यायामाची व्याख्या करताना सांगितले की शरीराला स्थिरता आणि बळ देणारी हालचाल म्हणजे व्यायाम, आणि तो मात्रेत करावा. वाग्भटाने मात्राही सांगितली. आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा. थंडीत आणि वसंतात इतका, इतर ऋतूंत त्याहून सौम्य. अर्धी शक्ती! आता हा नियम विहिरीवरच्या बाईला लावून बघा. निम्मी दमले म्हणून तिला थांबता येत होते का? घरात दहा माणसे असतील तर दहा माणसांचे पाणी. ज्येष्ठ महिना आहे म्हणून जाते सौम्यपणे फिरवले, तर पीठ कमी पडणार.

म्हणून आम्ही फरक असा मांडतो : व्यायाम म्हणजे थांबता येणारे श्रम. हालचाल तीच असेल, स्नायू तेच असतील. कधी थांबायचे हे जो करतो त्याच्या हातात असेल, तर तो व्यायाम. कामाच्या हातात असेल, तर ते श्रम.

ही काही शब्दांची कसरत नाही. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका कमी आढळला. नोकरीत अंगमेहनतीचे भारी काम करणाऱ्यांना मात्र तो जास्त आढळला. हा अभ्यास नोकरीतल्या कामाचा आहे, घरकामाचा नाही, हे लक्षात ठेवू. पण दिशा तीच दिसते. शरीराला हालचालीइतकीच विश्रांतीही लागते.

आता गावात बदल कसा झाला? १८६४ साली रेल्वे वसईवरून मुंबईला जोडली गेली आणि १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. भाजी, फुले, दूध मुंबईला जाऊ लागले, आणि मग माणसेही जाऊ लागली. गाव समुद्राच्या बाजूला, स्टेशन पूर्वेला. वाडीतला मुलगा कचेरीत कारकून झाला. त्याचा दिवस खुर्चीवर, बायकोचा दिवस अजून विहिरीवर. एकाच घरात दोन प्रकारची शरीरे तयार झाली.

अशाच दोन शरीरांचा अभ्यास लंडनच्या बसमध्ये झाला. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवले की डबलडेकर बसच्या बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मुंबईतही डबलडेकर १९३७ पासून होत्या, त्यामुळे हे चित्र आपल्याला परके नाही. पण आपल्या घरातला ‘ड्रायव्हर’ आणि ‘कंडक्टर’ यांत एक फरक होता. लंडनच्या कंडक्टरची पाळी संपत असे. घरातल्या कंडक्टरची पाळी संपतच नव्हती.

महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्या पुरुषाला व्यायामाची आठवण साधारण याच काळात झाली. तालमी आणि आखाडे जुनेच. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर पेशवाईतले. पण पांढरपेशा घरात व्यायाम आला तो विसाव्या शतकात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ चे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. त्यांची एक गोष्ट आम्हाला मोठी वाटते. नमस्कार बायकांनीही घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याची सुरुवात त्यांनी आपल्या घरापासून केली. बाईला व्यायामासाठी स्वतःचा वेगळा वेळ हवा, हे त्या काळी एका राजाने मान्य केले होते. आपण अजून वाद घालतो आहोत.

याच सुमारास मराठीत घरातल्या फजितीचे साहित्य बहरले, हाही योगायोग नसावा. चि. वि. जोशी यांचा चिमणराव हा किडकिडीत कारकून आणि गुंड्याभाऊ हा धिप्पाड गडी. या जोडीच्या घरगुती घोटाळ्यांवर महाराष्ट्र हसला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आली. त्यांत संसारातल्या अडचणी आणि फजित्या अशा सांगितल्या आहेत की हसता हसता डोळ्यांत पाणी यावे. पुरुषाने सांगितलेली फजिती ही बहुधा कधीतरी स्वयंपाकघरात शिरलेल्याची असते. बाईने सांगितलेली रोजची असते.

आता आपण अपघातांकडे वळू. जुन्या घरातले अपघात जुन्या श्रमांतून येत. पोहरा विहिरीत पडणे हा सर्वांत साधा. मग सगळ्या आळीत एकाकडेच असलेला गळ मागून आणायचा आणि अर्धा तास विहिरीत ढवळत बसायचे. बोट उखळात चेचणे, विळीवर कापणे, हात पोळणे. कठडा नसलेल्या विहिरीत मूल पडणे. तो अपघात मात्र छोटा नव्हे. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला आणि ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द वर्तमानपत्रांत नेहमीचे झाले. त्यातले काही भडके खरे होते, काही नव्हते. हुंड्यासाठी होणाऱ्या छळावर आणि मृत्यूंवर १९८३ आणि १९८६ साली दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालावी लागली, ती उगाच नव्हे. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘घरगुती अपघात’ हे शब्द वाचले की एकदा थांबावे. कोणाला झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि त्या वेळी घरातले बाकीचे काय करत होते?

मग नळ आला, पंप आला, गॅस आला, कुकर आणि मिक्सर आले. आम्ही या सगळ्यांचे ऋणी आहोत आणि कोणी त्यांची चेष्टा केलेली आम्हाला खपत नाही. पाठ वाचली, डोळे वाचले. पण काम संपले नाही, त्याचे रूप बदलले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे आढळले, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. ओट्याशी उभे राहून केलेली ही जवळजवळ पाच तासांची हालचाल खाली बसवत नाही, तोल शिकवत नाही, आणि थांबूही देत नाही. जुन्या घरातला जाच कमी झाला, कस गेला, आणि बांधिलकी तेवढी शिल्लक राहिली.

घरही बदलले. सारवलेल्या जमिनीच्या जागी गुळगुळीत फरशी. अंगणातल्या न्हाणीच्या जागी आतले बाथरूम, ओले आणि साबणाचे. ज्या पिढीचा तोल कळशीने घडवला ती पिढी म्हातारी झाली, आणि पुढच्या पिढीला तोल घडवायला कळशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. आमच्या वयाच्या मंडळींत ‘कसे आहात’ नंतरचा प्रश्न हल्ली ‘पडला वगैरे नाहीत ना’ असा असतो. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि त्याची शुश्रूषा करायला घरातली तीच बाई, जिला सकाळी फिरायला वेळ नव्हता. म्हणून ‘छोटा अपघात’ म्हणताना आम्ही कचरतो. घसरणारा पाय एकाचा असतो, खाली येते सगळे घर.

गिरीजला हिराडोंगरी आहे. तिलाच वज्रगड म्हणतात, वसईच्या मोहिमेशी तिचे नाव जोडलेले आहे, किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत आणि वर दत्ताचे मंदिर. डोंगरी फार उंच नाही. सकाळी चढून उतरायला बेताची, वाग्भटाच्या अर्ध्या शक्तीला शोभेल अशी. दहा हजार पावले झालीच पाहिजेत असा हट्ट नको. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून पसरला, वैद्यकातून नव्हे. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीनदा तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, ही मात्र जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चढ-उतार, एका पायावर क्षणभर उभे राहणे, जमिनीवर बसून उठणे. सुरुवातीला भिंतीचा आधार घेऊन.

आणि घरात? बाथरूममध्ये धरायला एक दांडा. रात्री वाटेत एक मंद दिवा. दाराशी पायपुसणे सरकणार नाही असे. यात खर्च फारसा नाही.

खर्च आहे तो दुसऱ्या गोष्टीत. सकाळचा अर्धा तास, ज्यात चहा, डबा, दूध, दार हे सगळे दुसऱ्या कोणीतरी बघायचे. तो अर्धा तास बाईला ‘मिळतो’ असे आपण म्हणतो. वाडीचे पाणी जसे आपोआप आळ्यात येत नसे, कोणीतरी पाट वळवावा लागे, तसाच हा वेळही घरातल्या कोणीतरी वळवावा लागतो. चढताना ती मध्येच थांबली, वाऱ्यावर दोन मिनिटे उभी राहिली आणि ‘आज इथूनच परत’ म्हणाली, तर तिला वर चला म्हणू नका. तो तिचा व्यायाम आहे.

आता कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.